डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गिरणगावचा कामगार

ज्या थोर पुरुषांची चरित्रे आपण वारंवार वाचतो, त्यांच्या आयुष्याचा एखादा भाग मात्र आपल्या नजरेआड राहून जातो. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव घेताच महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, भारताची राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी ही चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु याच पुरुषाच्या आयुष्याचा फार मोठा भाग परळ, लोअर परळ आणि दादर या गिरणगावच्या परिसरात गेला. कामगारांच्या संघटनेने ज्यांना वाऱ्यावर सोडले त्या कामगारांनी काय करावे, या प्रश्नाशी त्यांनी अनेक वर्षे झुंज दिली. त्या झुंजीचा हा अल्पसा परिचय स्मरणिकेच्या वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्या संघाच्या सभासद कुटुंबांना हा विषय परका नाही. कोकणातील खाचरे पोटाला पुरेनात, म्हणून आपल्या कितीतरी घरांतील आजे-पणजे बोटीने मुंबईस आले आणि गिरणीत साच्यावर उभे राहिले. म्हणून पुढे जे सांगावयाचे आहे, त्यातील काही भाग आपल्याच घरचा आहे. तो सर्वस्वी अभिमानास्पद नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

पूर्वायुष्य

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडाजवळचे आंबडवे. सुभेदार सेवानिवृत्त झाल्यावर काही वर्षे दापोली व सातारा येथे राहून हे कुटुंब मुंबईस आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका लहानशा खोलीत राहू लागले. शेजारी सारे गिरणीकामगार. पहाटेच्या भोंग्याने जाग येणाऱ्या त्या वस्तीत भीमराव वाढले आणि एल्फिन्स्टन हायस्कुलातून 1907 साली मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साह्याने ते 1913 साली अमेरिकेस गेले व कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन करून लंडनला गेले. लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. आणि बॅरिस्टरची सनद मिळवून 1923 साली ते मायदेशी परतले.

एवढी विद्या संपादन केलेला मनुष्य मलबार हिलच्या वाटेने गेला असता तर कोणास नवल वाटले नसते. बाबासाहेब मात्र परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये होती. तेथे येणाऱ्यांत खेड्यापाड्यांतील गाऱ्हाणी घेऊन येणारे जसे असत, तसेच पाळी संपवून अंगावरचा कापूसही न झटकता येणारे गिरणीकामगारही असत. त्यांच्या तोंडून जे ऐकू आले, त्यातून बाबासाहेबांच्या कामगारकार्याला आरंभ झाला.

साचेखात्याचा बंद दरवाजा

त्या काळच्या गिरणीत सर्व खाती सारखी नव्हती. सूतकताईच्या खात्यापेक्षा साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली मिळे. परंतु साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तसा नियम मालकाने कोठे लिहून ठेवलेला नव्हता. तो पाळला जाई तो कामगारांकडूनच. कारण असे सांगत की, धोट्यातील कांडी संपली की विणकराला नवी कांडी बसवून तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले, त्याला आपले तोंड लावण्यास स्पृश्य विणकर तयार नव्हते. पिण्याच्या पाण्याची सोयही वेगळी असे. एकाच मालकाच्या छपराखाली, एकाच भोंग्यावर येणारी-जाणारी ही माणसे, पण एकाच्या घामाचा भाव दुसऱ्याच्या जातीवर ठरत होता.

ते स्पृश्य विणकर कोण होते? ते कोकणातून आलेले मराठीभाषी कष्टकरी होते. त्यांत आपले लोकही होते. आपल्या थोरांनी सोसलेल्या दारिद्र्याच्या कथा आपण मुलाबाळांना सांगतो. ही गोष्ट मात्र आपल्या घरांतून सहसा सांगितली जात नाही.

अशा स्थितीत 1928 साल उजाडले. गिरणीमालकांनी सुधारणेच्या नावाखाली एका कामगाराकडे अधिक साचे देण्यास व मजुरीची पद्धत बदलण्यास आरंभ केला. एप्रिलमध्ये मुंबईच्या जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे दीड लाख कामगारांचा तो संप सहा महिने चालला. त्याच संपात गिरणी कामगार युनियनचा जन्म झाला व थोड्याच काळात ती मुंबईतील सर्वांत बलाढ्य कामगारसंघटना ठरली. संपसमितीने मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या.

त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना एक सरळ प्रश्न केला. सर्व कामगार एक आहेत असे तुम्ही म्हणता, मग साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला काम मिळावे ही मागणी तुमच्या यादीत का नाही? हा अन्याय दूर करण्यास संघटना तयार नसेल, तर अस्पृश्य कामगार संपात राहणार नाहीत, असेही त्यांनी बजावले. पुढारी पेचात पडले. स्वतः अस्पृश्यता न मानणारे लोक त्यांच्यात पुष्कळ होते. परंतु साचेखात्यातील सभासद दुखावले तर संघटना फुटेल, ही भीती त्यांना होती. अखेर नाइलाजाने त्यांनी ती मागणी पुढे केली. मालकांनी त्यावर साहजिकच कुचेष्टेने उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. तुमच्याच माणसांना सांगा.

मालकाचे हे उत्तर कठोर असले तरी खोटे नव्हते. ज्या संघटनेने आपल्याच दुर्बळ सभासदाचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे कानाआड केले होते, तिच्या हातातील शस्त्र मालकाने अलगद काढून घेतले.

कटू निर्णय

पुढच्याच वर्षी, 1929 च्या एप्रिलमध्ये, युनियनने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. बाबासाहेबांनी या संपास विरोध केला व अस्पृश्य कामगारांना कामावर जाण्याचा सल्ला दिला. यावरून त्यांच्यावर त्या काळी कडक टीका झाली, आणि आजही काही अभ्यासक ती करतात. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मागच्या संपातील सहा महिन्यांच्या उपासमारीचे कर्ज अजून फिटले नव्हते. सर्वांत कमी मजुरी मिळविणाराच कर्जात सर्वांत खोल बुडतो. ज्याला साचेखात्याचे दार उघडलेले नाही, त्याने त्या खात्यातील मजुरीसाठी दुसऱ्यांदा उपाशी राहावे, असे सांगण्याचा अधिकार संघटनेला कोठून आला? शिवाय हा संप कामगारांच्या हितापेक्षा राजकीय हेतूने लांबविला जात आहे, अशी त्यांची समजूत होती. तो संप काही महिन्यांत मोडला आणि युनियनचे बळ खचले.

या प्रसंगी बाबासाहेब चुकले की बरोबर होते, हा निवाडा आपण करू नये. परंतु त्यांनी स्वतः या प्रसंगावर थांबणे पसंत केले नाही, हे महत्त्वाचे आहे. संघटनेने दगा दिला म्हणून संपातून बाहेर पडणे हा एका दिवसाचा मार्ग असतो. त्याने राग व्यक्त होतो, मजुरीही काही दिवस हाती येते. पण साचेखात्याचे दार त्याने उघडत नाही. पुढील दहा वर्षे बाबासाहेबांनी जे केले, ते या दाराची दुसरी किल्ली शोधण्यासाठी.

स्वतंत्र मजूर पक्ष

मधल्या काळातील गोलमेज परिषदा, पुणे करार आणि येवल्याची घोषणा या घटना वाचकांना परिचित आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. 1936 च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. या पक्षाच्या नावात जातीचा उल्लेख नव्हता, मजुराचा होता. 1937 च्या निवडणुकीत पक्षाचे बहुसंख्य उमेदवार निवडून आले व मुंबईच्या विधानसभेत शेतकरी आणि कामगार यांच्या बाजूने बोलणारा एक अभ्यासू गट उभा राहिला. मुंबईच्या महापालिकेतील सफाई कामगारांना कोणी वाली नव्हता. त्यांच्यासाठी म्युनिसिपल कामगार संघ काढून त्याचे अध्यक्षपदही बाबासाहेबांनी स्वीकारले.

17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी विधानसभेत खोतीपद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताच्या वेठबिगारीचे आणि मक्त्याचे चटके आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले आहेत. ते विधेयक पुढे रेटण्यासाठी 1938 च्या जानेवारीत कोकणातील हजारो कुळे मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेली. शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे ही मंडळी आघाडीवर होती. त्या मोर्चात कुणबी होते आणि महारही होते. ज्यांच्या भावांना गिरणीत एका धोट्याला तोंड लावणे नको होते, तेच लोक मुंबईच्या रस्त्यावरून खांद्याला खांदा लावून चालत होते. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती कायद्याने नष्ट झाली ती 1949 च्या कायद्याने. पण त्या दिवशी आपल्या वाडवडिलांना जे दिसले असेल, त्याची कल्पना करता येते. खोताच्या दारात सारे सारखेच उभे होते.

मनमाडची परिषद

पुढच्याच महिन्यात, 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाड येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या आयुष्यातील ही सर्वांत महत्त्वाची सभा होय.

रेल्वेतील अस्पृश्य मनुष्य गँगमन म्हणून लागे आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होई. साधा पोर्टर होणेही त्याला दुरापास्त होते, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेई आणि घरात अस्पृश्य चालत नसे. कारखान्यांतही मिस्त्रीची जागा त्याला सहसा मिळत नसे. रेल्वेत संघटना होत्या, पण या गाऱ्हाण्यांना त्यांच्या ठरावांत जागा नव्हती. परिषद भरताच टीकाकारांनी ओरड केली की, आंबेडकर कामगारांची एकजूट फोडीत आहेत.

त्या आक्षेपाला बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा. कामगारांचे शत्रू दोन, एक भांडवलशाही आणि दुसरी ब्राह्मणशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे. स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना नाकारणारी ती वृत्ती, आणि ती सर्व जातींत पसरलेली आहे. कामगारांत फूट पाडते ती या वृत्तीने. फूट दाखवून देणारा फूट पाडणारा ठरत नाही. एकजूट हवी असेल, तर एका कामगाराने दुसऱ्यावर गाजविलेला वरचढपणा त्याने आपल्या हाताने सोडला पाहिजे.

मग अशा कामगारांनी काय करावे? बाबासाहेबांनी तेथे संतापाचे भाषण करून लोकांना घरी पाठविले नाही. संघटनेवाचून कामगाराला तरणोपाय नाही, हे त्यांनी प्रथम निक्षून सांगितले. नंतर मार्ग दाखविले. चालू संघटनेत जावयाचे तर आपल्या हिताची हमी आणि कार्यकारी मंडळात आपली माणसे असावीत, असा आग्रह धरून जावे. ते साधत नसेल तर आपली वेगळी संघटना बांधावी. परंतु कोणत्याही मार्गाने गेले तरी कामगाराने राजकारणापासून दूर राहू नये. कारण मजुरीच्या वाटाघाटीत मिळविलेले सारे विधिमंडळातील एका कायद्याने जाऊ शकते. यात कोठेही निराशा नाही व सूडबुद्धीही नाही. संसारी मनुष्याने जपून पावले टाकावी तसे हे मार्गदर्शन होते.

7 नोव्हेंबर 1938

कायद्याविषयीची ही भीती किती खरी होती, याचा प्रत्यय त्याच वर्षी आला. मुंबई सरकारने सप्टेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयक आणले. तंटा सरकारी समेटाच्या पायऱ्या चढून जाईपर्यंत संप करणे हा त्याने गुन्हा ठरणार होता, आणि कोणत्या संघटनेला मान्यता मिळावी यातही मालकाच्या व सरकारच्या मर्जीला वाव राहणार होता. बाबासाहेबांनी विधानसभेत या विधेयकाची चिरफाड केली. काम करण्याची सक्ती म्हणजे गुलामगिरी, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 साली संपास विरोध करणारा मनुष्य आता संपाच्या हक्कासाठी उभा राहिला, यात काहींना विसंगती दिसली. वस्तुतः शस्त्र केव्हा उपसावे याविषयी मतभेद असणे निराळे आणि ते शस्त्र हातातून काढून घेऊ देणे निराळे.

या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या संघटना एकत्र आल्या. ज्या युनियनशी दहा वर्षांपूर्वी बाबासाहेबांचे कडाक्याचे भांडण झाले होते, तिच्याच कॉ. डांगे प्रभृती पुढाऱ्यांबरोबर ते एका व्यासपीठावर बसले. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. अनेक गिरण्या बंद पडल्या आणि पोलिसांनी गोळीबारही केला. विधेयक तरीही मंजूर झाले. त्या दिवशी अस्पृश्य कामगार मात्र कोणाच्या मागून फरफटत न येता आपली संघटना, आपला पक्ष आणि आपला पुढारी घेऊन बरोबरीच्या नात्याने संपात उतरला. 1928 साली त्याची मागणी नाइलाजाने पुढे केली गेली होती. 1938 साली त्याच्यावाचून संप पुकारणे कोणाला शक्य नव्हते.

मजूरमंत्री

1942 च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले व 1946 पर्यंत त्या पदावर राहिले. सरकार, मालक आणि मजूर या तिघांनी एकत्र बसून विचार करण्याच्या परिषदांना त्यांच्या कारकीर्दीत नियमित रूप आले. रोजगार विनिमय केंद्रे निघाली. कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारा कायदा 1946 साली झाला.

यांपैकी एक प्रयत्न फारसा कोणाच्या स्मरणात नाही. मालकांनी प्रातिनिधिक कामगारसंघटनांना मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक बाबासाहेबांनी 1943 साली मांडले. पुढे ते खाते सोडून गेल्यावर 1947 साली या विषयाचा कायदा झाला. मान्यता मागणाऱ्या संघटनेने त्या धंद्यातील कोणत्याही वर्गाच्या कामगाराला सभासदत्वातून वगळता कामा नये, अशी अट त्यात होती. साचेखात्याच्या दाराशी थांबविलेल्या माणसाचे गाऱ्हाणे असे कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचले. दुर्दैवाने तो कायदा कधीच अमलात आणला गेला नाही. राज्यघटनेत मात्र संघटना स्थापण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट झाला आणि अस्पृश्यता कायमची नष्ट केली गेली.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्ली येथे त्यांचे निर्वाण झाले. त्यांचा देह मुंबईस आणला गेला आणि ज्या गिरणगावात ते वाढले, त्याच्याच कुशीत, दादरच्या समुद्रकिनारी, लक्षावधींच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

आपल्यासाठी

पुढे काळाने एक विलक्षण फेरा घेतला. 1938 च्या कायद्याच्या जागी 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्याने मुंबईच्या गिरणीधंद्यात एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा अधिकार मिळाला. 1981 साली बोनसच्या प्रश्नावर ती मान्यताप्राप्त संघटना आपली राहिली नाही, असे कामगारांना वाटू लागले. ते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या पुढाऱ्याला बोलण्याचा अधिकारच नव्हता. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, आणि हजारो घरांच्या चुली त्यात विझल्या. त्या घरांत आपलीही घरे होती. संघटना असूनही आपले ऐकणारे कोणी नाही, ही वेदना साचेखात्यातल्या माणसांच्या मुला-नातवंडांच्या वाट्यास त्या वेळी आली. साचेखात्याच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी ती पन्नास वर्षे आधी भोगली होती.

हे कोणास हिणविण्यासाठी लिहिलेले नाही. आपला संघ हा एका ज्ञातीचा संघ आहे. विद्यार्थ्यांना साह्य, आजाऱ्यास मदत, वधूवरांची ओळख ही त्याची कामे चांगली आहेत. परंतु कोणताही संघ आपल्यातील दुर्बळ माणसाचे गाऱ्हाणे ऐकेनासा झाला, की तो आतून पोकळ होतो आणि एके दिवशी बाहेरचा कोणीही त्याला सहज मोडतो. आपल्या घरांतील मुले आज गिरणीत जात नाहीत. ती कंत्राटी कामावर, गोदामांत, रुग्णालयांत, दुकानांत आणि दुचाकीवरून माल पोहोचविण्याच्या कामात आहेत. त्यांच्यापुढेही हा प्रश्न उभा आहे आणि उद्याही राहणार आहे.

त्यांना बाबासाहेबांचे चरित्र हेच सांगेल की, संघटना चुकली तर प्रथम तिला तिच्याच सभेत जाब विचारावा. दाद न मिळाल्यास आपल्यासारख्यांना जमवून स्वतःचे बळ उभे करावे, कायदा वाचावा, कायदे होतात तेथे आपला माणूस पाठवावा, आणि सर्वांचा घास जाण्याची वेळ येईल त्या दिवशी जुने भांडण बाजूस ठेवून पुन्हा एकत्र यावे. आणि आपणच जर संघटनेत बहुसंख्य असू, तर दाराबाहेर कोण उभा आहे, हे एकदा मागे वळून पाहावे.

त्या महापुरुषाच्या स्मृतीस आपल्या संघाच्या वतीने विनम्र अभिवादन.